गार्गीचे पप्पा वाचायला लागले तेव्हा

माझी सगळी नोकरी मुलांच्या वाचनालयात गेली. निवृत्तीच्या समारंभात शाल घालताना आमचे अध्यक्ष म्हणाले, वसुधाबेनना मुलांची नस बरोबर कळते. टाळ्या झाल्या. मी हातातला नारळ सांभाळत उभी होते आणि ही नस नेमकी कुठे असते ते यांनी आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असा विचार करत होते. मूल पुस्तक का उचलतं, का ठेवून देतं, वाचणारं मूल एके दिवशी का थांबतं, यातलं मला फारसं काही कळलं नाही. कळलं असं जेव्हा जेव्हा वाटलं, तेव्हा पुढच्याच आठवड्यात कुणीतरी पोर येऊन ते खोटं ठरवून गेलं.

वाचनालय बडोद्यात, पाणीगेटच्या आत, एका ट्रस्टच्या इमारतीत. वरच्या मजल्यावर मोठ्यांचं. तिथे वर्तमानपत्रं, पेन्शनर आणि शांतता. खाली मुलांचं, ते माझं. बाहेरच्या माणसाला वाटतं की पुस्तक द्यायचं आणि परत घ्यायचं, एवढंच ग्रंथपालाचं काम. मुलांच्या विभागात हे काम सगळ्यात कमी. कपाटं कमरेइतकी ठेवावी लागतात, खुर्च्या बुटक्या. पुस्तकं मोठ्यांसारखी पाठमोरी लावून चालत नाहीत, त्यांची तोंडं बाहेर हवीत, कारण मूल नाव वाचत नाही, चित्र बघतं. फाटकं पुस्तक फेकायचं नाही, डिंक लावून परत ठेवायचं. जे पुस्तक फाटलंय ते चांगलं असणार हे मुलांना ठाऊक असतं. कोऱ्या पुस्तकाकडे ती संशयानं बघतात. म्हणून नवं पुस्तक आलं की मी ते टेबलावर मधलंच पान उघडून टाकून ठेवायची, जणू कुणीतरी वाचता वाचता उठून गेलंय. हे उघडं पडलेलं पुस्तक तासाभरात कुणाच्या तरी मांडीवर असायचं. माझी कारागिरी म्हणाल तर ती इथपर्यंत. त्यापुढे काय होतं ते माझ्या हातात नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक होती. एक मुलगा फक्त जाड पुस्तकं न्यायचा, हातात तोलून बघून. दुसऱ्या दिवशी तशीच परत. एकही पान उलटलं नसावं असा माझा अंदाज, पण विचारलं तर म्हणायचा, मजा आली. एक मुलगी प्रत्येक वेळी विचारायची, "यात कोणी मरतं का?" मला वाटलं घाबरते बिचारी, म्हणून मी नाही म्हणून सांगायची. तसं सांगितलं की ती पुस्तक खाली ठेवून द्यायची. कुणी मरत असेल तरच तिला ते हवं असायचं.

त्यात भाषांचा गोंधळ. आमच्याकडे गुजराती, इंग्रजी आणि मराठी अशी तिन्ही कपाटं. बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं घरात मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. त्यामुळे माझ्याकडे येऊन म्हणायची, "बेन, वार्तांची चोपडी द्या ने." नव्यानं पुण्याहून आलेल्या एका आईनं ते ऐकून मला विचारलं होतं की एवढ्या लहान मुलांना बातम्या कशाला वाचायला देता. गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट, हे तिला समजावून सांगावं लागलं. आणि घरात मराठी बोलणारं मूल मराठी वाचेलच असंही नाही. मराठीचं कपाट भरलेलं असायचं, मुलं परदेशी गेली की आईवडील पिशव्या भरभरून पुस्तकं आणून द्यायचे. उघडलं मात्र क्वचित जायचं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मी मराठी वाचनाचा वर्ग घ्यायची. त्या वर्गात गार्गी शिर्के आली.

ती तेव्हा चौथी संपवून पाचवीत जाणार होती. आई, स्मिता, घरी ब्लाउज शिवायची. दुपारी बायका मापं द्यायला यायच्या, तेव्हा मुलगी घरात पायात पायात नको म्हणून तिला माझ्याकडे पाठवलेलं. पहिले काही दिवस गार्गी नुसती खिडकीबाहेर बघायची. मग एका दुपारी तिला एक पुस्तक सापडलं. समुद्रातल्या एका बेटावर दीपगृह, तिथला एकटा राखणदार आणि त्याचं गाढव, अशी गोष्ट. ती ते घेऊन मराठीच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसली आणि वर्ग संपला तरी उठली नाही. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी तिचं लक्ष नाही. शेवटी हलवून उठवलं तर झोपेतून उठल्यासारखी बघायला लागली.

त्यानंतर ती रोज आली. शाळा सुरू झाल्यावरही दप्तर घेऊन थेट माझ्याकडे. वाचताना एकटीच हसायची. चालतानाही वाचायची, आमच्या गल्लीतले रिक्षावाले तिला ओळखून बाजूनं जायचे. इतर मुलं पुस्तक परत देताना त्यातली गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहायची नाहीत. गार्गीनं कधीच सांगितली नाही. आवडलं का विचारलं तर मान हलवायची आणि दुसरं घेऊन कपाटाशी जाऊन बसायची. पाहुणे आले, की कमिटीची मंडळी त्यांना खाली आणून लांबूनच गार्गी दाखवायची. मलाही बरं वाटायचं. मराठीचं कपाट उघडं राहत होतं ते तिच्यामुळे.

एका दुपारी तिचे वडील आले. दिलीप शिर्के, नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरून घरी न जाता आले होते, कपड्यांना कारखान्याचा उग्र वास होता. बूट बाहेर काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बेन, एक विनंती होती. गार्गीला थोडे दिवस पुस्तक देऊ नका."

असे पालक मला नवे नव्हते. त्यांच्यासाठी माझं एक भाषण तयार असायचं. वाचनानं मार्क कमी होत नाहीत, डोळे बिघडत नाहीत, उलट भाषा सुधारते, वगैरे. ते मी सुरू केलं. दिलीपभाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले की अभ्यासाचं काही नाही, तो बराबर चाललाय, नंबरही चांगला येतो.

मग अडचण काय, मी विचारलं.

ते कपाटाकडे बघत राहिले. मग हळूहळू म्हणाले, "मी पाळीवरून घरी येऊन जेवायला बसतो ना, तेव्हा ती माझ्यासमोर बसायची. मी जेवायचो आणि ती बोलायची. शाळेत काय झालं, कोण कोणाशी भांडलं, सगळं. आता पण समोरच बसते. पण पुस्तकात असते. हाक मारली तर हो म्हणते. पण ते हो मला नसतं."

मुलं वाचत नाहीत, याची काळजी करण्यात माझी सगळी वर्षं गेली. मूल वाचायला लागलं की घरातलं कुणीतरी एकटं पडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी थोडी गडबडून जे तोंडात आलं ते बोलले. ती जे वाचते तेच तुम्ही वाचा, म्हटलं. म्हणजे बोलायला विषय होईल.

ते हसले. म्हणाले, मी गुजराती मीडियमचा. मराठी बोलतो, पण कधी वाचली नाही. मी म्हटलं, शाळेत हिंदी होती ना, अक्षरं तीच आहेत. त्यांनी आत येऊन कपाटातलं एक पुस्तक उलटून पाहिलं. मग म्हणाले, "द्या मग. पण तिनं वाचलेलंच द्या."

गाढवाचं पुस्तक हाताशीच होतं. तेच दिलं.

ते घरी न नेता तिथेच बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीपाशी घेऊन. ओळीखालून बोट फिरवत, ओठ हलवत वाचायला लागले. थोड्या वेळानं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. 'दुसऱ्या' या शब्दावर बोट ठेवून विचारलं की यातली ही आडवी चंद्रकोर कशाची. मी म्हटलं, तो र आहे, मराठीत असा अर्धा र लिहितात. "असं होय," म्हणाले आणि परत जाऊन बसले. पुढच्या पानावर पुन्हा तीच चंद्रकोर आली तेव्हा त्यांनी लांबूनच मला ती दाखवली आणि मान डोलावली.

पहिली पाळी असली की ते दुपारी येऊन बसू लागले. कारखान्याचा युनिफॉर्म घातलेला माणूस, आजूबाजूला चिल्लीपिल्ली. गार्गीची शाळा सुटायच्या आत ते उठून जायचे, पण एका दुपारी ती लवकर आली. दारात उभी राहून तिनं वडिलांना पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही, ते ओळीत अडकले होते. गार्गी दारातूनच परत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता, ते यायच्या आधीच, ती आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"बेन, माझी पुस्तकं पप्पांना नका देऊ."

मी म्हटलं, पुस्तकं सगळ्यांची आहेत. ती म्हणाली, मी वाचलेली नका देऊ, दुसरी द्या. मी विचारलं, का गं? तिनं पुष्कळ विचार केला. दहा वर्षांचं मूल इतका विचार करताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"त्यात मी असते," ती म्हणाली.

तिचं खरं होतं. लहानपणी मीही काही पुस्तकांत राहत होते आणि तिथे वडील आलेले मलाही चालले नसते. पण समोरच्या बुटक्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचंही खरं होतं. तो मुलीला शोधायलाच तर तिथे शिरत होता. मी तिला सरळ सांगितलं की मागेल त्याला पुस्तक द्यायचं, एवढंच माझं काम आहे. पप्पांना मी नाही म्हणू शकत नाही. तिनं ऐकून घेतलं. हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेली.

मला वाटलं, दोन-चार दिवसांचा रुसवा. पण ती आलीच नाही. दिवाळीची सुट्टी लागली, संपली. संक्रांतीचं उतरायण झालं. पुढच्या उन्हाळ्यात वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा मी तिच्या घरी निरोप पाठवला, तर तिनं येत नाही म्हणून सांगितलं. पाहुण्यांना दाखवायला आता कुणी नव्हतं.

वडील मात्र येत राहिले. एक पुस्तक संपलं की दुसरं मागायचे आणि दर वेळी आठवण करून द्यायचे की तिनं वाचलेलंच हं. तिनं काय काय वाचलंय ते मला तोंडपाठ होतं, मी काढून द्यायची. मी एकदा विचारलं, गार्गी का येत नाही? ते म्हणाले, अभ्यास वाढलाय. मग जरा थांबून म्हणाले, "पण आता बोलते बेन." ते बोलताना त्यांना आनंद झाला होता की अपराधी वाटत होतं, ते काही मला ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्यांच्यावरून वाचनालयात थोडा वादही झाला. एका मुलीच्या आईनं तक्रार केली की मुलांच्या खोलीत हा मोठा माणूस रोज कशाला बसतो. तिचंही चूक म्हणता येत नव्हतं. सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, त्यांना वर बसवा. मी दिलीपभाईंना चाचरत सांगितलं. ते लगेच उठले, पुस्तक घेऊन वर गेले आणि पेन्शनर मंडळींच्या लांब टेबलाशी बसले. वर्तमानपत्रांच्या मध्ये मोठ्या अक्षरांचं, पानापानावर चित्रं असलेलं पुस्तक. पहिल्या दिवशी सगळे चष्म्यावरून बघत होते. पुढे त्यांच्यातल्याच एका निवृत्त मामलेदारांनी खाली येऊन मला हळूच विचारलं की त्या शिर्क्यांचं वाचून झालेलं ते माकडाचं पुस्तक मोकळं आहे का. म्हणाले, शेजारी बसून अर्धं वाचून झालंय, पण तो पानं फार सावकाश उलटतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये स्मिता भेटली. उंधियोच्या भाजीसाठी वालपापडी निवडत होती. मला बघून म्हणाली, "बेन, तुम्ही आमच्या घरात काय करून ठेवलंय." मला वाटलं, आता ही मुलीचं वाचन सुटल्याचं बोलणार. पण ती हसत होती. तिनं सांगितलं की नवरा पाळीवरून येतो, ताट वाढलं की जेवायच्या ऐवजी गार्गीला गोष्ट सांगत बसतो. शाक निवून जातं, पोळ्या कडक होतात. त्यांना नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून गोष्टीतल्या सगळ्यांना गुजरातीतलं 'पेला माणूस' आणि 'पेली बाई' म्हणतात, म्हणजे तो माणूस, ती बाई. गार्गी समोर हनुवटीला हात लावून बसते आणि विचारत राहते, मग?

"गाढवाची तर किती वेळा सांगितली," स्मिता म्हणाली. "शेवटी गाढव होडीतून परत येतं, ती."

मी म्हटलं, पण पुस्तकात गाढव परत येत नाही. राखणदार एकटाच राहतो.

स्मिताच्या हातातली पापडी तशीच राहिली. "मग हे कुठलं पुस्तक वाचतात?"

मी विचारलं, गार्गी त्यांना दुरुस्त करत नाही का? तिनं तर ते वाचलंय. स्मिता म्हणाली, तिला कुठलं आठवतंय, सगळं विसरली ती. नाहीतर मग-मग कशाला विचारेल?

मी घरी आले ती गोंधळलेलीच. ज्या मुलीला पंखा बंद झालेला कळत नव्हता, ती ती गोष्ट विसरली असेल? मुलं अशी विसरत नाहीत. त्यातही शेवट. मग ती वडिलांना बनवत होती का? की वडील तिला? आणि त्यांना शेवट वाचता आला नव्हता, की वाचून त्यांनी तो बदलला होता? त्यांना विचारायचं मी पुष्कळदा ठरवलं. पण ते समोर येऊन पिशवीतून पुस्तक काढायचे, त्याचं मलपृष्ठ हातानं पुसायचे आणि पुढचं मागायचे. मला धीर झाला नाही. विचारलं तर काहीतरी मोडेल असं वाटायचं.

माझ्यापुढे हिशेब असा उभा राहिला की मुलीला पुस्तक देऊ नका म्हणून सांगायला आलेला माणूस मराठीचं कपाट वाचून काढत होता आणि वाचणाऱ्या मुलीनं वाचणं सोडलं होतं. यात माझं यश धरायचं की अपयश? एक वाचक गेला, एक आला. पण मी मुलांची ग्रंथपाल. गेलेला वाचक माझा होता.

लॉकडाऊनमध्ये वाचनालय बंद झालं. त्यांचा कारखाना मात्र चालू होता. त्यांचा फोन आला की पुस्तकं संपलीत. मी जवळच राहते, किल्ल्या माझ्याकडेच होत्या. अध्यक्षांची परवानगी घेऊन जाळीचं दार थोडं सरकवून मी पिशवी बाहेर ठेवायची, ते लांब उभे असायचे आणि मी मागे सरकले की येऊन उचलायचे. तेव्हा मी तोंडावरच्या फडक्यातून ओरडूनच विचारलं, गार्गी काय करते? ते म्हणाले, मजेत आहे, दिवसभर मोबाईल. मला वाईट वाटलं. ते मात्र पिशवीत डोकावून कुठकुठली पुस्तकं आहेत ते बघत होते.

मग मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, तिनं मुलांसाठी रंगीत गाद्या आणल्या, संगणक बसवला. मी शनिवारी सकाळी हौसेनं जाऊन बसते, फाटक्या पुस्तकांना डिंक लावते. दिलीपभाई अलीकडे बरेच दिवस दिसले नव्हते.

गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी बाहेर एक अ‍ॅक्टिव्हा थांबली आणि एक उंच मुलगी रेनकोट काढून आत आली. मी ओळखलं नाही. ती सरळ मराठीच्या कपाटाशी गेली आणि त्याला टेकून उभी राहिली, तेव्हा ओळखलं.

गार्गी आता कॉलेजात आहे, फार्मसी करते. तिनं सांगितलं की पप्पांची कंपनी बदलली, ते आता दूर समुद्रकाठच्या दहेजला असतात. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहतात, शनिवारी उशिरा येतात आणि सोमवारी पहाटे जातात. तिथे त्यांना वाचायला काही नाही. "तुमच्याकडे मुलांच्या पुस्तकांसाठी यायला त्यांना आता लाज वाटते," ती म्हणाली. "म्हणून मी आले."

मी म्हटलं, या कपाटातलं तू वाचलेलं सगळं त्यांनी वाचलंय. ती म्हणाली, वाचलेली परत चालतात त्यांना.

खोलीत आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं मनात घोळत होतं, ते मी विचारलं. तू यायची का थांबलीस?

ती बुटक्या खुर्चीवर बसली. तिचेही गुडघे वर आले. म्हणाली, आधी राग आला होता, खूप. तिची जागा कुणीतरी घेतल्यासारखं वाटलं होतं. मग दोन-तीन दिवसांनी पप्पांनी जेवताना गाढवाची गोष्ट सांगायला घेतली. सगळी चुकीची सांगत होते. बेटाचं त्यांनी गाव केलं, राखणदाराचा वॉचमन केला. "मी चूक सांगायला तोंड उघडलं होतं बेन. पण त्यांनी ताटाला हातच लावला नव्हता. माझ्याकडे बघत होते. मग मी म्हटलं, मग?"

"तुला सगळं आठवत होतं?"

"पाठ होतं."

"आणि त्यांना वाटायचं की तू विसरलीस."

ती हसली. म्हणाली, त्यांना कसं वाटेल? मी वाचलेलीच पुस्तकं तर ते तुमच्याकडून मागून न्यायचे.

हे इतकं साधं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दोघांनाही माहीत होतं. मुलीला गोष्ट येत होती, ती तिला येते हे वडिलांना माहीत होतं, आणि ते तिला माहीत होतं. तरी इतकी वर्षं एक सांगत होता आणि दुसरी विचारत होती, मग? स्मितानं मात्र तिकडे पापडी निवडता निवडता मुलीची स्मरणशक्ती गेली असं ठरवून टाकलं होतं आणि मी कोण कुणाला बनवतंय ते शोधत बसले होते.

पण माझा प्रश्न तसाच राहिला होता. मी म्हटलं, ऐकायचंही आणि वाचायचंही, दोन्ही करता आलं असतं की. वाचणं का सोडलंस?

ती लहानपणी करायची तसाच विचार करत राहिली.

"मला पण नाही कळत," ती म्हणाली. "वाचायला बसले की वाटायचं, पप्पा हे कसं सांगतील. यातल्या कोणाला पेला माणूस म्हणतील. मग त्यांचाच आवाज यायचा आणि वाचणं राहून जायचं."

मला तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. एवढी वाचणारी मुलगी, किती पुस्तकं तिच्यापुढे यायची राहिली. पण ती हे सांगताना काही हरवलेल्या माणसासारखी दिसत नव्हती. मला आयुष्यभर वाटत आलं की मुलाला पुस्तकाचं सुख मिळवून द्यायचं तर मूल आणि पुस्तक यांच्यामधून सगळ्यांनी बाजूला व्हायचं. इथे एक माणूस बरोबर मध्ये येऊन बसला होता आणि ते सुख कमी झालं की दुप्पट, ते मला सांगता येईना. अजूनही येत नाही.

ती उठून पुस्तकं निवडायला लागली. ओळखीची चार-पाच काढली. मग खालच्या खणातून एक नवं काढलं, गेल्याच वर्षी आलेलं. मुखपृष्ठावर एका डोंगरी शाळेचं चित्र होतं. उभ्या उभ्या तिनं पहिलं पान उघडलं. वाचलं. दुसरं उलटलं. मी डिंकाचा ब्रश हातात धरून हलले नाही, बाहेरून कुणी मूल आत येऊ नये असं वाटत होतं. तिसऱ्या पानावर तिनं पुस्तक मिटलं आणि बाकीच्यांवर ठेवलं.

"हे मी वाचलेलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग आधी तू वाच ना. पप्पांना पुढच्या आठवड्यात दे.

तिनं मानेनंच नाही म्हटलं. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला गाठ मारली.

"नको बेन. या वेळी मला खरंच माहीत नाही पुढे काय होतं ते," ती म्हणाली. "पप्पा आले की सांगतील."